अक्कांचा तास

मी कॉलेजात नेमकं काय करते, हे घरच्यांना समजावून सांगणं मला कधीच जमलं नाही. आईला बरेच दिवस वाटत होतं की मी इन्स्पेक्टर आहे. तसं काही नव्हतं. कराडला आठ वर्षं मी स्वतः शिकवत होते. नवऱ्याला चेन्नईत नोकरी लागली, आम्ही पेरुंगुडीला राहायला आलो, आणि जवळच्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात मला शिकवण्याऐवजी शिकवणाऱ्यांना मदत करायचं काम मिळालं. प्राध्यापकांच्या तासाला मागच्या बाकावर बसायचं, टिपणं काढायची, आणि मग त्यांच्याशी निवांत बोलायचं. मुलांचं लक्ष कुठे सुटलं, परीक्षेतला कुठला प्रश्न नुसतं पाठांतर तपासतो, कुठला समज तपासतो. कुणाला ते आवडायचं, कुणाला नाही. मला मात्र मनापासून आवडायचं.

एक दिवस प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की बाहेरून तपासणीसाठी समिती येणार आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांचे ग्रंथालयातले लोकही तास घेतात, पुस्तकं आणि लेख कसे शोधायचे, संदर्भ कसे द्यायचे ते शिकवतात. पण त्यातून मुलांना काय येतं याचा आपल्याकडे काहीच पुरावा नाही. तेव्हा ग्रंथालयातल्या लोकांना जरा शिकवायला शिकवा, आणि मुलांची चाचणीही नीट करून द्या. खरं सांगायचं तर, ग्रंथालयातले लोक शिकवतात हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. मी तिथे फक्त एसीत बसून डबा खायला जात असे, तेही चोरून.

तिथे तास घेणाऱ्या तिघीजणी होत्या. दोघी तरुण होत्या, त्यांना हे काम नको होतं. तिसऱ्या बाई साठीच्या जवळ आलेल्या, निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरलेली. बुटक्या, सुती साडी, केसांत रोज ताजा मोगरा. सगळं कॉलेज त्यांना अक्का म्हणायचं. पहिल्या वर्षाचे जास्तीत जास्त तास त्याच घ्यायच्या, आणि तो तास म्हणजे त्यांचा जीव होता.

मी पहिल्यांदा त्यांच्या तासाला बसले तो दिवस मला लख्ख आठवतो. अक्का इंग्रजीत बोलत होत्या, पाठ केल्यासारख्या, एका सुरात. पडद्यावर एकामागून एक स्लाइड सरकत होती. ग्रंथालयाची वेळ, पुस्तकांचे क्रमांक, कुठल्या मजल्यावर काय आहे. साठ मुलं होती आणि साठच्या साठ बाकाखाली मोबाइल बघत होती. शेवटी अक्कांनी विचारलं, समजलं का, आणि सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, येस मॅम. मग चाचणी. ग्रंथालय किती वाजता उघडतं, एका वेळी किती पुस्तकं मिळतात, असे वीस प्रश्न. जवळजवळ सगळ्यांना पैकीच्या पैकी. अक्कांनी गेल्या कित्येक वर्षांचे निकाल फायलीत लावून ठेवले होते. ती फाईल त्यांनी मला अशी दाखवली, जशी एखादी बाई लेकीच्या लग्नाचा अल्बम दाखवते.

आता ह्यांना काय सांगायचं, हे ठरवत मी जिन्यात उभी होते, तेवढ्यात आईचा फोन आला. बोलून मागे वळले तर अक्का.

"तुम्ही मराठी कां?" त्या म्हणाल्या.

त्या तंजावरकडच्या. घराणं तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेलं, आणि आजोबांच्या वेळी मद्रासला आलेलं. महाराष्ट्र त्यांनी एकदाच पाहिला होता, तोही तीर्थयात्रेच्या बसमधून. पण मराठी होतं. ‘सांगितलं’ला त्या ‘सांगिटलं’ म्हणायच्या, ‘बोलायला’ला ‘बोलाला’, आणि वाक्याचा शेवट तमिळसारखा वर न्यायच्या. त्यातले कितीतरी शब्द मी फक्त जुन्या पोथ्यांत वाचले होते. आई गेल्यावर घरात मराठी बोलाला कोणी राहिलं नाही, असं त्या म्हणाल्या. यजमान कधीच गेले होते. मुलाला समजायचं, पण तो तमिळमध्येच उत्तर द्यायचा, आणि सून कोइमतूरची. त्या दिवशी आम्ही दोघी जिन्याच्या पायरीवर बसून अर्धा तास बोललो, आणि तासाविषयी मी अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी काढलं. इंग्रजीत काढलं, कारण मराठीत ते फार लागलं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहूनही घेतलं. मग मी विचारलं की ही मुलं चौथ्या वर्षाला प्रकल्प करायला बसतील, तेव्हा तुमच्या तासातलं त्यांच्याजवळ काय उरलेलं असावं असं तुम्हाला वाटतं? अक्कांनी वही मिटली. मग मराठीत म्हणाल्या की अडलं तर त्यांनी विचारायला यावं. कोणी येत नाही.

तिथून आम्ही सुरुवात केली.

पहिली गोष्ट म्हणजे तास संपताना मुलांकडून एक चिठ्ठी लिहून घ्यायची. नाव न घालता दोन ओळी. आज काय कळलं, काय अजून कळलं नाही. पहिल्या चिठ्ठ्या अक्कांनी वाचू नयेत असं मला वाटत होतं, पण त्यांनी एकेक वाचली. एकाने लिहिलं होतं की हे सगळं वेबसाइटवर आहे. एकीला इंग्रजी कळलं नव्हतं. एकाने लिहिलं होतं की मॅमचा आवाज ऐकला की झोप येते. ती चिठ्ठी अक्कांनी बाजूला काढली आणि चष्मा पुसला. मी काही बोलणार, तर त्यांनी हातानेच थांबवलं. खरं आहे, म्हणाल्या, घरी नातवाला मी ह्याच आवाजात झोपवते.

पुढच्या आठवड्यापासून त्या अर्धा तास तमिळमध्ये शिकवू लागल्या.

दुसरी गोष्ट आपोआप घडली. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी तीन शोधनिबंधांची नावं घेऊन आली. कांचीपुरमकडच्या विणकरांच्या घरातली, अभ्यासू. अक्कांनी तीन दिवस शोधलं. दोन निबंध कुठेच सापडेनात. त्यांनी दुसऱ्या ग्रंथालयांना पत्रं लिहिली, जुने अंक मागवले. मला येऊन म्हणाल्या की आता माझ्याच्यानं हे काम होत नाही, वय झालं. मी ती यादी बघितली आणि मुलीला विचारलं की ही नावं आली कुठून. तिने एआयला विचारलं होतं. ते दोन निबंध कुणी लिहिलेलेच नव्हते. लेखक, वर्ष, पान क्रमांक, सगळं यंत्राने रचलेलं.

मुलीचा चेहरा पडला. अक्का चिडतील असं मला वाटलं होतं. त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि इतक्या हसल्या की वाचनकक्षातली मुलं माना वर करून बघू लागली. मग तोच त्यांचा नवा तास झाला. जोडीजोडीने बसायचं, प्रत्येक जोडीला पाच संदर्भांची यादी, त्यातले काही खरे, काही खोटे. खोटे कुठले आणि ते तुम्हाला कशावरून कळलं, हे लिहायचं. उत्तरापेक्षा ‘कशावरून’ला जास्त गुण.

हे गुण कसे द्यायचे त्यावरून आमची भांडणं झाली. त्याच पेपरांना आम्ही वेगवेगळे गुण द्यायचो आणि मग ताडून बघायचो. अक्का सगळ्यांना भरभरून द्यायच्या. अमुकने प्रयत्न केलाय, तमुकचं अक्षर किती सुरेख आहे. मी म्हणायचे, अक्का, अक्षराला गुण नाहीत. हळूहळू त्या शिकल्या. पेपरावर नुसता आकडा न लिहिता त्या एक वाक्य लिहू लागल्या. इथपर्यंत बरोबर आलास, पुढे मासिकाचं संकेतस्थळ उघडून बघायला हवं होतंस, असं काहीतरी. रिकाम्या वाचनकक्षात त्या माझ्यासमोर उभं राहून तासाची तालीम करायच्या. आपण बोलायचं थांबल्यावर मुलं विचार करतात, हे त्यांना साठीला कळलं, आणि त्या ते सगळ्यांना सांगत सुटल्या. तरुण दोघींनाही त्यांनीच ओढलं. तासानंतर मुलं येऊ लागली. आधी एखादं, मग चार-पाच. अक्कांच्या टेबलाशी उभी राहून विचारायची. जेवणाची सुट्टी त्यात गेली की अक्का सांबारभात तसाच घरी परत न्यायच्या आणि सून रागावली म्हणून मला कौतुकाने सांगायच्या.

ती सहा-सात महिन्यांची गोष्ट. नोकरीतले माझे सगळ्यात चांगले दिवस तेच.

मग अहवाल लिहायची वेळ आली. मी एक गोष्ट हट्टाने केली होती. नव्या वर्षाच्या मुलांना तास घ्यायच्या आधीच खरे-खोटे संदर्भ ओळखायचं एक काम दिलं होतं, आणि शेवटी पुन्हा दिलं होतं. आधी बहुतेकांना काहीच आलं नव्हतं. शेवटी बऱ्याच जणांना थोडंफार आलं, काहींना चांगलं आलं, आणि पुष्कळांना अजूनही आलं नव्हतं. माझ्या लेखी हे सोन्यासारखं होतं. एका तासात याहून जास्त होत नाही. पण कागदावर ते कसं दिसतं, हे अक्कांना माझ्या आधी दिसलं. जुन्या फायलीत पैकीच्या पैकी, आणि ह्या वर्षी निम्म्याच्याही खाली.

"हे वर पाठवाचं कां?" त्यांनी विचारलं. "बघतील तर काय म्हणतील?"

मी त्यांना समजावलं. चांगलं समजावलं, कारण समजावणं हेच माझं काम. जुनी चाचणी काहीच मोजत नव्हती, ही मोजते. मोजणं हे कुणाला पकडण्यासाठी नसतं, सुधारण्यासाठी असतं. हे आकडे तुमच्याविरुद्ध कोणी वापरणार नाही. हे शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं. अक्कांनी पेन घेतलं आणि माझ्या सहीच्या खाली, आधी तमिळमध्ये, मग कंसात इंग्रजीत, सही केली.

समिती आली, गेली. दोन महिन्यांनी प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. अक्कांना बोलावलं नव्हतं. संचालक मंडळावरचे एक गृहस्थ आले होते, त्यांनी आमचा अहवाल वाचला होता, हे मला आधी चांगलंच वाटलं. त्यांनी जुने आणि नवे गुण एका चित्रात शेजारीशेजारी काढून आणले होते. म्हणाले, ग्रंथालयाच्या तासाचा दर्जा एका वर्षात इतका घसरलाय. तेव्हा पुढच्या वर्षीपासून तो तास बंद, त्याऐवजी तयार व्हिडिओ घेऊ, मुलं घरी बघतील, शेवटी यंत्रच प्रश्न विचारेल आणि गुण देईल.

मी बोलले. दोन्ही चाचण्या वेगळ्या आहेत, दर्जा घसरला नाही, उलट पहिल्यांदा शिकणं झालंय, हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि माझाच अहवाल उघडला. बाई, हे तुमचेच आकडे आहेत ना, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग प्राचार्य पुढच्या विषयाकडे वळले. मी तेव्हा उठायला हवं होतं. आवाज चढवायला हवा होता, ती तिसऱ्या वर्षाची मुलगी, त्या चिठ्ठ्या, काहीतरी त्यांच्यासमोर आणायला हवं होतं. मी बसून राहिले. पुढचा विषय बसच्या थांब्याचा होता, तोही मी शेवटपर्यंत ऐकला.

अक्कांना मीच सांगितलं. त्या पुस्तकांना चिकटवायच्या पट्ट्या कापत होत्या. कापता कापताच त्यांनी ऐकलं. मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर मला चार शब्द सुनावतील. दोन्ही मला चाललं असतं. त्या म्हणाल्या, "सरी." तमिळमधलं ‘बरं’. मग पुढची पट्टी कापत इंग्रजीत म्हणाल्या की सांगितल्याबद्दल आभारी आहे, मॅडम.

मॅडम. त्या दिवसापासून अक्का माझ्याशी मराठीत बोलल्या नाहीत.

त्यात राग दिसेल असं काही नव्हतं. दिसलं की हसायच्या, माझ्या मुलीची चौकशी करायच्या, कॉफी विचारायच्या, सगळं इंग्रजीत, कधी तमिळमध्ये. मी मराठीत बोलले तर ऐकून घ्यायच्या आणि उत्तर इंग्रजीत द्यायच्या, त्यांच्या मुलाने त्यांना द्यावं तसं. त्यांच्याजवळ ती भाषा बोलायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. म्हणजे माझ्याशी बंद केली तेव्हा त्यांनी ती स्वतःशीही बंद केली. हा विचार आला की मला त्यांच्यासमोर उभं राहवत नसे. डबा मी माझ्या टेबलावरच खाऊ लागले.

जूनपासून व्हिडिओ आले. मुलं ते दुप्पट वेगाने पळवायची आणि शेवटी पैकीच्या पैकी घ्यायची. अक्कांना तळघरातल्या जुन्या नियतकालिकांच्या कामाला लावलं. काढून टाकायचे अंक वेगळे करायचे. दोन-तीन मुलं पहिले काही दिवस त्यांना शोधत खालीही गेली, मग तीही थांबली. तास परत सुरू करावा म्हणून मी एक अर्ज दिला, तीन महिन्यांनी दुसरा. पहिल्याला उत्तर आलं की विषय संपलेला आहे. दुसऱ्याला उत्तर आलं नाही.

अक्का दीड वर्षाने निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ ग्रंथालयातच झाला, मीही दोन शब्द बोलले, काय बोलले ते आठवत नाही. त्यानंतर चार महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेले. अंबत्तूरला, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. जाताना काय बोलायचं ते सगळं ठरवलं होतं, मराठीत. सुनेने दार उघडलं. अक्का बारीक झाल्या होत्या. गुडघ्याला पट्टा होता. सून कॉफी करायला आत गेली, तेवढ्यात मी बोलून टाकलं. चुकलं माझं, तो अहवाल मी तसा पाठवायला नको होता, निदान मी त्या खोलीत गप्प बसायला नको होतं.

अक्कांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग मराठीत बोलल्या.

"तूं खरं लिहिलंस. त्यांत चूक नाही. पण काही होणार नाही म्हणून सांगिटलंस. ते तुला ठाऊक नव्हतं."

मी मान हलवली. खरंच ठाऊक नव्हतं.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तरी सही केली. तूं सांगिटलंस म्हणून."

सून कॉफी घेऊन आली आणि अक्का तमिळमध्ये सुरू झाल्या. गुडघ्याचं, नातवाच्या शाळेचं, खालच्या मजल्यावरच्या नळाचं. मी कॉफी घेतली. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये हो-ला-हो करत अर्धा तास बसले. निघताना त्या नको म्हणत असतानाही जिना उतरून थांब्यापर्यंत आल्या, एकेक पायरी कठड्याला धरून. बस आली तेव्हा कंडक्टरला तमिळमध्ये बजावलं की ह्या बाई इथल्या नाहीत, ह्यांना कुठे उतरायचं ते नीट सांगा. चेन्नईत मला तेव्हा नववं वर्ष चालू होतं.

त्यानंतर मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सुनेने घेतला. अम्मा झोपल्यात, म्हणाली. सकाळचे अकरा वाजले होते. तिसऱ्यांदा मी केला नाही.